हलकी डी-टाइप जॅग्वार आजच्या स्पोर्ट्स कारच्या मागे का पडते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. जॅग्वार डी-टाइपनं १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षं ले माँची २४ तासांची शर्यत जिंकली. तिला २५० हॉर्सपॉवर आणि वजन ८६५ किलोच्या आसपास. अलीकडच्या पोर्शे ७१८ केमनला ३०० हॉर्सपॉवर, पण वजन १,३३५ किलो. म्हणजे टनामागे जुनीला २८९ हॉर्सपॉवर आणि नवीला २२५. तरीही तुमचे कॉलेजातले मित्र म्हणतात की ट्रॅकवर केमनच पुढे राहील. मग गणितात काय सुटतंय? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की दोन्हींतली एक सोलापुरात ठेवायची झाली तर कुठली ठेवावी.

मित्र बरोबर आहेत, पण त्यांनी कारण दिलेलं नाही. मी सोलापुरात इंजिन रिकंडिशनिंगचं आणि जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचं काम करतो. गिऱ्हाइकांच्या गाड्या घेऊन अधूनमधून कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जाणं होतं. डी-टाइप माझ्याकडे कधी आलेली नाही, पण तिच्याच घराण्यातलं एक्सके इंजिन एका जुन्या जॅग्वार सलूनमधून उतरवून मी पूर्ण उघडलेलं आहे. म्हणून इंजिनाबद्दल हाताच्या अनुभवावरून लिहितो आणि बाकीचं मोजमापावरून.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. ट्रॅकवर लांब सरळ पट्टे असतील तर फरक कमी दिसेल, वळणं जास्त असतील तर वाढेल. डी-टाइपवर कुठले टायर आहेत यानं तर सगळंच बदलतं. अशा गाड्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींत आजही पळतात आणि त्यांच्यासाठी जुन्या घडणीचे टायर आजही बनतात. आणि चालवणारा कोण, हा प्रश्न केमनपेक्षा डी-टाइपच्या बाबतीत कितीतरी जास्त महत्त्वाचा आहे.

आता वजन. तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते एका तराजूवर मोजलेले नाहीत. डी-टाइपचे ८६५ किलो म्हणजे कोरडं वजन: पेट्रोल नाही, पाणी नाही, तेल नाही. केमनचं १,३३५ हे जर्मन मानकाचं वजन आहे. त्यात तेल, पाणी आणि जवळजवळ भरलेली टाकी धरलेली असते. डी-टाइपची टाकी दीडशे लिटरहून मोठी होती, कारण ले माँला पेट्रोलसाठी सारखं थांबणं परवडत नसे. टाकी भरली की सव्वाशे किलोच्या जवळपास वाढले. ड्राय संपच्या (इंजिनाखाली न साठवता तेल बाहेर ठेवायच्या पद्धतीच्या) वेगळ्या टाकीतलं तेल आणि रेडिएटरचं पाणी यांचे तीसेक किलो, चालवणाऱ्याचे ७५. शर्यत सुरू होताना डी-टाइप सुमारे १,०९५ किलोची असते. केमनमध्ये तोच माणूस बसवला तर ती १,४१० किलो. आता भागाकार करा: २२८ विरुद्ध २१३. तुम्हाला ६४ चा वाटणारा फरक १५ वर आला. पेट्रोल संपत जाईल तशी डी-टाइप हलकी होते हे खरं, पण २८९ चा आकडा रस्त्यावर कधीच उतरत नाही.

याचा अर्थ डी-टाइप सामान्य गाडी होती असा मुळीच नाही. आपली प्रीमिअर पद्मिनी ८९५ किलोची आणि तिची ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. (प्रीमिअर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मले, हे तुमच्या मित्रांना जरूर सांगा.) पद्मिनीहून हलक्या सांगाड्यात सहापट ताकद बसवली होती आणि तीही १९५४ साली. मधला भाग विमानासारखा पत्र्याच्या कवचाचा, पुढे नळ्यांची फ्रेम, पेट्रोलसाठी रबरी पिशव्या, उंची कमी ठेवायला किंचित कलता बसवलेला इंजिन ब्लॉक, वेगात गाडी सरळ राहावी म्हणून चालवणाऱ्याच्या डोक्यामागे उभा पंख. हे आकार काढणारे माल्कम सेयर विमानाच्या कारखान्यातून आलेले होते. ले माँच्या लांब सरळ पट्ट्यावर ती ताशी २८० किलोमीटरच्या जवळ जात असे. केमनचा कंपनीनं सांगितलेला सर्वाधिक वेग २७५ आहे.

पिकअपही तुल्यबळ आहे. १९५६ साली एका अमेरिकन मासिकाच्या चाचणीत डी-टाइपनं शून्य ते ६० मैल ४.७ सेकंदांत गाठले होते. केमनला शून्य ते १०० किलोमीटरसाठी हाताच्या गिअरनं ५.१ सेकंद लागतात आणि ऑटोमॅटिकच्या सर्वांत चपळ प्रकारात ४.७. सरळ रेषेत सत्तर वर्षांनंतरही जुनी गाडी मागे नाही. तुमचं गणित इथे खरं ठरतं, कारण हॉर्सपॉवर आणि वजनाचं गुणोत्तर मुळात सरळ रेषेतलंच सांगतं. वळणाबद्दल आणि ब्रेकबद्दल ते काहीच सांगत नाही.

खरा फरक टायरमध्ये आहे आणि लोक नेमका तोच सोडून बाकी सगळं बोलतात. डी-टाइपचे टायर साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिलिमीटरच्या आसपास रुंद. केमनचे पुढे २३५ आणि मागे २६५. पण रुंदी ही अर्धीच गोष्ट झाली. जुना टायर क्रॉसप्लाय आणि नवा रेडियल. हा फरक सोलापूरच्या माणसाला मागावरच्या कापडावरून लगेच कळेल. कापड ताण्याच्या दिशेनं ओढा, ते फारसं लांबत नाही. तेच कोपरा धरून तिरकं ओढा, लगेच आकार सोडतं. क्रॉसप्लायमधले दोरे एकमेकांना तिरके छेदत जातात, त्यामुळे वळणावर बाजूनं जोर आला की टायरचं सगळं अंगच वाकडं होतं आणि रस्त्याला टेकणारा भाग एका कडेवर उचलला जातो. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टा असतो. बाजू वाकते, पण तळ सपाट टेकून राहतो. त्यात आजचं रबर सत्तर वर्षांपूर्वीच्या रबरापेक्षा पुष्कळ चिकट.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा जुन्या टायरची पकड गाडीच्या वजनाच्या ०.८५ पट आणि नव्याची १.०५ पट धरली (हे माझं गृहीत आहे, प्रत्यक्षात टायर, रस्ता आणि तापमानानुसार बदलेल). शंभर मीटर त्रिज्येच्या वळणावर जुनी गाडी ताशी १०४ किलोमीटरनं जाऊ शकते आणि नवी ११५ नं. अकरा किलोमीटरचा फरक थोडा वाटेल. पण वळणातून ११५ नं बाहेर पडलेली गाडी पुढच्या सरळ पट्ट्यावर पहिल्या मीटरपासून ताशी अकरा किलोमीटर जास्त वेगातच असते आणि प्रत्येक वळणाला हे पुन्हा घडतं. ब्रेकमध्ये तर दरी आणखी रुंद. ताशी १६० वरून थांबायला, ब्रेक लावताना जुनीची पकड ०.८ धरली तर सुमारे १२५ मीटर लागतात, नवीला ९६. म्हणजे केमनवाला ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी आणखी तीस मीटर पूर्ण वेगानं पळत असतो.

कोइमतूरला एका गिऱ्हाइकाच्या जुन्या फियाटवर मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. इंजिनाला हात लावला नाही, कार्बोरेटरचे जेट तेच, ब्रेक लायनिंग तेच. क्रॉसप्लाय काढून चांगले रेडियल घातले आणि फेरीचा वेळ ठळकपणे खाली आला. पण त्यानंतर दुसरी गोष्ट बघावी लागली, तीही सांगतो, कारण पुष्कळ लोक इथे गाडीचं नुकसान करतात. पकड वाढली की वळणावरचा सगळा जोर चाकाचे बोल्ट, हब, स्टब अॅक्सल आणि सस्पेन्शनच्या माउंटिंगवर येतो. हे भाग जुन्या टायरच्या हिशेबानं बनवलेले असतात. पूर्वी टायर आधी घसरायचा आणि भाग वाचायचे, आता टायर धरून ठेवतो आणि भाग थकतात. म्हणून जुन्या गाडीला चिकट टायर घातले तर दर वेळी चाकं उतरवून हबवर आणि माउंटिंगच्या वेल्डिंगवर बारीक भेगा शोधल्याच पाहिजेत. आम्ही रंग झिरपवून भेगा दाखवणारी चाचणी करतो, तिला खर्च फार येत नाही.

ब्रेकच्या बाबतीत डी-टाइपवर अन्याय करू नका. तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि त्या काळात ती मोठी झेप होती. तिच्या आधीच्या सी-टाइपनं १९५३ साली डिस्क ब्रेकच्या जोरावर ले माँ जिंकली आणि त्या शर्यतीची सरासरी पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेली. ड्रम तापला की फुगून ब्रेक शूपासून लांब जातो, पेडल खाली जातं आणि ब्रेक सुटतो. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनंच येते. त्यामुळे डी-टाइपचा ब्रेक दमत नाही. पण एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. चाक लॉक होण्याच्या उंबरठ्यावर पाय धरून ठेवायचं काम माणसाचं, तेही चोवीस तास, रात्री आणि पावसात. केमनमध्ये हे काम यंत्र प्रत्येक चाकासाठी वेगळं करतं. कारमधलं आजच्या घडणीचं एबीएस १९७८ साली आलं.

१९५५ ची ले माँ डी-टाइपनंच जिंकली आणि त्याच शर्यतीत ऐंशीहून अधिक माणसं मेली. डिस्क ब्रेकच्या जॅग्वारनं पिटकडे (पेट्रोल-दुरुस्तीसाठी थांबायच्या जागेकडे) येताना वेग झपाट्यानं कमी केला, तिच्या मागची ऑस्टिन-हीली बाजूला वळली आणि वेगात येणारी ड्रम ब्रेकची मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांत गेली. चौकशीत कुठल्याही चालकाला दोषी धरलं नाही, दोष ट्रॅकच्या रचनेवर गेला. हे अशासाठी लिहितो की त्या गाड्यांचा वेग आजच्याएवढा होता, पण चालवणाऱ्याभोवती आणि ट्रॅकभोवती आज असलेलं संरक्षण त्यातलं काहीच नव्हतं. जुन्या गाडीचे आकडे वाचताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

इथवरचं माझं गणित आहे. आता प्रत्यक्ष पुरावा घ्या, म्हणजे तुमचा वाद माझ्या शब्दावर टेकून राहणार नाही. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर १९५७ साली हुआन मान्वेल फान्जिओनं मासेराती २५०एफमध्ये ९ मिनिटं १७.४ सेकंदांची फेरी मारली. ट्रॅक तेव्हा २२.८ किलोमीटरचा होता, म्हणजे सरासरी ताशी १४७. ती ग्राँ प्रीची एकाच माणसाची गाडी: २७० हॉर्सपॉवर, साडेसहाशे किलोच्या आसपास, टनामागे चारशेच्या पुढे. २०२१ साली पोर्शे ९११ जीटी३ नं तिथेच २०.८ किलोमीटरची फेरी ६ मिनिटं ५९.९ सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे सरासरी ताशी १७८. तिचं प्रमाण ५१० हॉर्सपॉवरला १,४१८ किलो, म्हणजे टनामागे ३६०. गुणोत्तर जुनीचं वरचढ आणि वेग नवीचा ताशी तीस किलोमीटरनं जास्त. मधल्या काळात ट्रॅकचे उंचवटे कापले गेले, कडेला लोखंडी कठडे आले, हे वजा करावं लागेल. जीटी३ वरचे टायरही ट्रॅकसाठी बनवलेले होते. तरी तीस किलोमीटरचा फरक नुसत्या डांबरातून येत नाही. आणि ज्या माणसानं १४७ ची सरासरी काढली तो वयाच्या ४६ व्या वर्षी पाचव्यांदा विश्वविजेता होत होता. त्या गाडीतून तेवढा वेग काढणारे जगात फार थोडे होते. जीटी३ मधून त्याच्या जवळपास जाणारे आज पुष्कळ सापडतील.

हवेच्या जोराबद्दल थोडंच. त्या काळातले गुळगुळीत आकार हवा कापायला उत्तम होते, पण वेगात ते गाडीला किंचित वर उचलायचे, म्हणजे जिथे पकड हवी तिथेच ती कमी व्हायची. गाडी खाली दाबणारे पंख ग्राँ प्रीत १९६८ च्या सुमाराला आले. केमनचा मागचा स्पॉयलर वेग वाढला की आपोआप वर येतो.

इंजिनावर मात्र मला थांबावंसं वाटतं. एक्सकेचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०६ मिलिमीटर, सहा सिलिंडर, ३,४४२ सीसी. स्ट्रोक किती लांब आहे बघा. २५० हॉर्सपॉवर साधारण मिनिटाला ५,७५० फेऱ्यांवर मिळतात आणि तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर होतो. केमनचा स्ट्रोक ७६.४ मिलिमीटर. ती ३०० हॉर्सपॉवर ६,५०० फेऱ्यांवर देते आणि पिस्टनचा वेग साडेसोळा मीटरच असतो. जवळजवळ निम्म्या आकाराचं इंजिन जास्त ताकद देतं आणि त्याचा पिस्टन जुन्याहून आरामात चालतो. हे टर्बोमुळे, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शनमुळे आणि फेऱ्यांनुसार व्हॉल्वची वेळ बदलणाऱ्या कॅममुळे. एक्सकेला दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट आहेत, १९४८ साली बाजारात आलेल्या इंजिनासाठी ही फार पुढची गोष्ट, पण कॅमचा आकार एकच. रेसचा कॅम लावला की खालच्या फेऱ्यांवर इंजिन मरगळतं, त्याला इलाज नाही. टॅपेटची (कॅम आणि व्हॉल्व यांच्यामधली) फट कमीजास्त करायची तर बकेटखालची शिम (ठरावीक जाडीची चकती) बदलावी लागते आणि त्यासाठी कॅमशाफ्ट उतरवावे लागतात. एकदा फटी मोजायच्या, हिशेब मांडायचा, शिम घासून आणायच्या, पुन्हा बसवून पुन्हा मोजायच्या. आपल्याच गावातली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स जगभरच्या कार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. तुम्ही मेकॅनिकलचे विद्यार्थी आहात, तिथे इंडस्ट्रियल व्हिजिट मिळाली तर कॅमच्या आकारात एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं महत्त्व किती असतं ते नीट पाहून घ्या. या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच हाताला लागेल.

आता सोलापुरात ठेवायची कुठली.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो. रेसच्या गाडीचं कूलिंग वाहत्या हवेवर बेतलेलं असतं, सात रस्त्याच्या सिग्नलवर उभं राहण्यासाठी नाही. उभ्या गाडीत कार्बोरेटरच्या भांड्यातलं पेट्रोल उकळतं आणि इंजिन बंद पडलं की अर्धा तास सुरू होत नाही. रेसचे थंड जातीचे प्लग गावातल्या वेगात काळे होतात. क्लच तीन प्लेटचा, एकदम धरणारा. गतिरोधकांबद्दल वेगळं लिहायला नको. आणि पेट्रोल: आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की इथेनॉल कुठून येतं हे सांगायला नको. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुने रबरी पाइप, डायफ्रॅम आणि कॉर्कची गॅस्केटं फुगवतं. शिवाय ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकी आणि कार्बोरेटर आतून गंजतात. मिश्रणही पातळ होतं, कारण शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते आणि या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. केमनचा ऑक्सिजन सेन्सर ही दुरुस्ती स्वतः करतो. कार्बोरेटरला जेट मोठे करून द्यावे लागतात, नाहीतर पिस्टनचा माथा जळू शकतो. जुनी कार्बोरेटरची गाडी कोणाकडेही असो, पाइप आणि गॅस्केटं इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घाला आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा.

कायद्याची बाजूही बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल अशा कामांसाठीच रस्त्यावर काढायची. म्हणजे रोज विजापूर रोडनं कामाला जायचं असेल तर डी-टाइपचा प्रश्नच मिटला, केमन घ्या. आणि कृपा करून हा वाद पुणे हायवेवर सोडवायला जाऊ नका. तिथे ट्रकवाले, ऊसवाले, दुचाकीवरची माणसं असतात. तुमच्या चुकीची किंमत त्यांना पडते.

रोजचा वापर बाजूला ठेवून निवडायला सांगाल तर मी डी-टाइप घेईन. केमनचा एखादा कंट्रोल युनिट गेला तर तो मला उघडताही येणार नाही, कंपनीचा कॉम्प्युटर आणि कंपनीचा सुटा भाग लागेल आणि तो पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून येईपर्यंत गाडी उभी. एक्सकेचा लायनर, बुश, व्हॉल्व गाइड, गॅस्केट हे सगळं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवर आणि ग्राइंडरवर बनवून घेता येतं. वीस वर्षांनी केमनचा तो कंट्रोल युनिट कोणी बनवत असेल की नाही हे मला सांगता येत नाही, पण एक्सकेचं इंजिन तेव्हाही कुठल्याही जाणत्या फिटरला उघडून पुन्हा जोडता येईल.